पायाखालचा नळ

जुलैत कोळवणच्या खोऱ्यात भाताची लावणी सुरू होते, तेव्हा खाचराखाचरांतून पाणी खेळवायचं काम बघण्यासारखं असतं. वरच्या बांधाला फावड्यानं तोंड पाडलं की पाणी खालच्या खाचरात उतरतं. दोन फावडी माती इकडची तिकडे झाली की ते भलत्याच शेतात शिरतं, आणि मग शेजाऱ्याशी बोलाचाली. मुळशीतल्या या खोऱ्याच्या मधून वाळकी नदी वाहते, उत्तरेला तिकोना किल्ल्याचं टोक दिसतं. इथल्या शेतकऱ्याला पाणी वळवायला लेव्हलचं यंत्र लागत नाही. पाण्याला उतारापलीकडे काही कळत नाही, आणि उतार त्याच्या नजरेत मुरलेला असतो.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन अभियंत्यांकडेही याहून वेगळं काही गुपित नव्हतं. पंप नाही, वीज नाही. उंचावरचा झरा शोधायचा आणि तिथून शहरापर्यंत पाणी अलगद उतरवत आणायचं.

दक्षिण फ्रान्समधलं नीम हे तेव्हाचं रोमन प्रांतातलं शहर. त्याच्यासाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुमारे 50 किलोमीटर लांबीचा नळ बांधला गेला. झरा आणि शहर यांच्यात सरळ रेषेत 20 किलोमीटरच्या आसपास अंतर. पण मधल्या टेकड्या टाळत, वळसे घेत तो नळ अडीच पट लांब झाला. एवढ्या लांबीत पाणी खाली उतरतं ते फक्त बाराएक मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी एक वीत! वाटेत गार्दों नदी आडवी आली, तिच्यावरून पाणी पलीकडे न्यायला कमानींचे तीन मजले चढवले. जवळजवळ 49 मीटर उंचीचा तो पूल म्हणजे पों द्यु गार. तो आजही उभा आहे आणि रोमन जलवाहिनी म्हटलं की जगभर त्याचाच फोटो छापला जातो.

या फोटोनं एक गैरसमजही पसरवला आहे. रोमन पाणी कमानींवरून यायचं, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतांशी जमिनीखालून यायचं. खुद्द रोमचा पहिला नळ, इसवी सन पूर्व 312 मधला आप्पिया, जवळजवळ सगळा जमिनीखाली होता. पुढे रोमला असे 11 नळ झाले. त्यांची एकूण लांबी 500 किलोमीटरच्या घरात होती आणि त्यातला कमानींवरचा भाग अगदी थोडा. जिथं दरी आली आणि उतार मोडायची वेळ आली, तिथं नाइलाजानं कमान. बाकी सगळीकडे खणलेला चर, दगडी भिंती, आतून चुना आणि विटांच्या भुकटीचा गिलावा, वर छत, छतावर माती. चुन्यात विटांची भुकटी मिसळली की गिलाव्यातून पाणी झिरपत नाही. आपल्याकडचे जुने गवंडी तिला सुरखी म्हणतात.

हे एकदा ध्यानात आलं की रोमन जलवाहिनीची बहीण बघायला फ्रान्सला जावं लागत नाही. ती पुण्यात आहे. फक्त ती पायाखाली आहे, म्हणून तिचा फोटो कुणी काढत नाही.

रोमन लोकांचा आणि या मुलखाचा संबंधच नव्हता, असं मात्र समजू नये. कोळवणहून तिकोन्याला वळसा घालून पलीकडे उतरलं की पवन मावळ लागतं. तिथं बेडसे, आणि पुढे इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावं खांबांवर कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेले यवन, म्हणजे पश्चिमेकडचे परदेशी, आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकात पोसायडन या समुद्रदेवतेची काशाची मूर्ती सापडली. कोल्हापुरात समुद्र नाही, तरी देव आला! तेरला तर भूमध्यसागरी मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. दारू आली, देव आले, दिवे आले. कमानींचा पूल तेवढा आला नाही. त्या काळी इथल्या पाण्याची रीत वेगळी होती. लेणी खोदणाऱ्यांनी कातळातच पाण्याची टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. डोंगरावर पडलेला पाऊस जिथल्या तिथं अडवायचा, वर्षभर पुरवायचा. तिकोन्यावरची टाकी त्याच वंशातली.

पण टाकी भिक्षूंच्या वस्तीला पुरतात, गडावरच्या शिबंदीला पुरतात. लाखभर माणसांच्या शहराला नाही पुरत.

पुण्याचं शहर झालं ते पेशव्यांमुळे. 10 जानेवारी 1730 रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि कसब्याच्या भोवती पेठा उठू लागल्या. नानासाहेब पेशवे 1740 मध्ये गादीवर आले तोवर पाण्याची ओढ जाणवू लागली होती. मुठा नदी उशाशी आहे, पण ती शहराच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी वर चढवायचं तर पखालीशिवाय उपाय नाही. विहिरी होत्या, त्या उन्हाळ्यात तळ दाखवायच्या. मग नानासाहेबांच्या माणसांनी उलट्या दिशेला पाहिलं. दक्षिणेला, कात्रजच्या डोंगराकडे. तिथून आंबील ओढा उगम पावतो आणि जमीन शहराकडे उतरत येते.

काम 1749 च्या सुमारास सुरू झालं. घाटाच्या पायथ्याशी ओढा अडवून वरचं आणि खालचं अशी दोन तळी बांधली. पावसाचं गढूळ पाणी आधी वरच्या तळ्यात थांबतं, गाळ बसतो, मग ते खालच्या तळ्यात येतं. खालच्या तळ्याच्या भिंतीपासून दगड-चुन्याचा बंदिस्त नळ निघतो. आज ‘नळ’ म्हटलं की डोळ्यांपुढे तोटी येते. पेशवाईतल्या कागदांत नळ म्हणजे हे भुयार. सुमारे अडीच फूट रुंद, सहा फूट उंच. सरासरी उंचीचा माणूस आतून, डोकं सांभाळत का होईना, उभा चालू शकतो. असा नळ साधारण 8 किलोमीटर चालत शनिवारवाड्यापर्यंत आला. कात्रजपासून पुण्यापर्यंतचा उतार नीमच्या वितीभर उतारापेक्षा किती तरी जास्त. आडवी दरीही नाही. त्यामुळे कमान बांधायची वेळच आली नाही. पुण्याला पों द्यु गार नाही याचं कारण एवढंच. भूगोल दयाळू होता!

या नळाचं खरं डोकं त्याच्या उच्छ्वासांत आहे.

पाण्याचा लोंढा बंद भुयारातून धावू लागला की आतली हवा कोंडते आणि पाण्याची वाट अडवते. तिला बाहेर पडायला ठिकठिकाणी नळावर चौकोनी दगडी धुराडी उभारली, त्यांना उच्छ्वास म्हणतात. काम फक्त हवेचं नव्हतं. उच्छ्वासाखाली नळाचा तळ खोल केलेला असे. तिथं पाणी क्षणभर विसावतं, वाळू-माती खाली बसते आणि वरचं निवळ पाणी पुढे निघतं. म्हणजे गाळणी तीच, हवेची वाट तीच, आणि साफसफाईला आत उतरायचं दारही तेच. सातारा रस्त्याच्या बाजूनं, धनकवडी-पद्मावतीच्या पट्ट्यात आजही काही उच्छ्वास उभे आहेत. कुणी सांगितलं नाही तर ओळखू येत नाहीत: काळ्या दगडाचा, पुरुषभर उंचीचा बुटका मनोरा, दगडांच्या सांध्यांत फुटलेलं पिंपळाचं रोप, तोंडावर फरशी, अंगावर दोन थर चुन्याचे आणि चार थर जाहिरातींचे. कुणी त्याला जुनी समाधी समजतं, कुणी पडक्या वाड्याचा खांब. आपण पाण्याच्या छातीवर उभे आहोत, हे लक्षात येत नाही.

शहरात आल्यावर या नळाला फाटे फुटले. शनिवारवाड्यात तर पाणी चैनीलाही वापरलं गेलं. तिथलं हजारी कारंजं म्हणजे 16 पाकळ्यांचं दगडी कमळ, आणि त्यातून उडणाऱ्या शेकडो धारा. त्यांच्यामागे कात्रजच्या उंचीचा जोर होता. सरदार-सावकारांच्या वाड्यांतल्या हौदांना पाणी मिळालं. आणि सामान्य पुणेकरांसाठी चौकाचौकांत सार्वजनिक हौद झाले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. पुण्यात पत्ता सांगताना ही नावं आजही घेतली जातात, मात्र हौद कुठं आहे असं विचारलं तर समोरचा गडबडतो.

नीममधलीही पाणीवाटपाची व्यवस्था उत्खननात उघडी पडली आहे. 50 किलोमीटरवरून आलेलं पाणी शहराच्या वरच्या अंगाला एका गोल दगडी कुंडात पडायचं. कुंडाच्या भिंतीला गोल भोकं आहेत, एकूण 10. प्रत्येकातून शिशाचा एकेक नळ शहराच्या वेगवेगळ्या भागाकडे जायचा. कुंड जेमतेम सहा मीटर व्यासाचं, पण त्याच्या काठावर उभं राहिलं की पाणीवाटपाचा सगळा कारभार एका नजरेत दिसतो. पुण्यात असं एक केंद्र नव्हतं. इथं हौदावरून हौद भरत जायचे.

आणि कारभार म्हटला की चोरी आलीच. इसवी सन 97 मध्ये फ्रोंटिनस नावाच्या बड्या अधिकाऱ्याकडे रोमच्या पाण्याचं खातं आलं. त्यानं लिहून ठेवलेला ग्रंथ आज उपलब्ध आहे. त्यात मापं आणि आकडे आहेतच, पण लोक नळाला गुपचूप भोक पाडून पाणी कसं पळवतात, नळांवर देखरेख करणारेच त्यात कसे सामील असतात, याच्या तक्रारीही आहेत. आजच्या कुठल्याही महापालिकेच्या पाणीखात्यातल्या माणसानं वाचावा असा ग्रंथ. नवीन काही कळणार नाही, पण सोबत मिळेल.

कात्रजचा नळ पुरेना, तेव्हा आणखी नळ झाले. नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून सदाशिव पेठेसाठी पाणी आणलं. सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत आणलं. शहर पाण्यासाठी दक्षिणेकडच्या टेकड्यांमधून हळूहळू हात-पाय पसरत होतं.

पाणी चौकात आलं, तरी प्रत्येकाच्या घागरीत आलं नाही. हौद सार्वजनिक खरे, पण ‘सार्वजनिक’ या शब्दात अस्पृश्य ठरवलेली माणसं धरलेली नव्हती. त्यांनी हौदाला हात लावायचा नाही. कुणी वरून ओतलं तर प्यायचं. कमान, उतार, चुना यांचं कौतुक करताना हे विसरलं तर गोष्ट अर्धी राहते. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेतला तो वाडा आज समता भूमी म्हणून ओळखला जातो. फुल्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या मुलीच्या आठवणीसाठी फडके हौदाजवळ एक हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना मोकळा ठेवला. त्यावर बाहुलीची मूर्ती बसवली होती, म्हणून तो बाहुलीचा हौद. कात्रजचा नळ बांधणाऱ्यांनी पाण्याला उतार दिला, त्यानंतर सव्वाशे वर्षांनी या दोघांनी त्याला वाट दिली.

असे नळ बांधायची विद्या पुण्यात जन्मली असंही नाही. निजामशाहीच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आसपासच्या गावांमधून पाणी आणणारे खापरी नळ होते. भाजलेल्या मातीच्या नळ्या एकीत एक बसवून केलेले. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं त्यानं जमिनीखालून नहर आणली. डोंगरपायथ्याच्या भूजलाला भुयारानं गाठायचं आणि ते उतारानं शहरात सोडायचं, ही युक्ती इराणकडून दख्खनमध्ये आली होती. या नहरींना उच्छ्वासाऐवजी बंब असतात: विटांचे उंच मनोरे. खापरी नळातलं पाणी एका बाजूनं मनोऱ्यात चढतं, वर मोकळ्या हवेत येतं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा उतरतं. अडकलेली हवा वरच्या वर सुटते आणि नळावरचा दाबही आटोक्यात राहतो. अठराव्या शतकात याच तंत्रानं पाणी आणून बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाण्यावर फिरणारी पिठाची गिरणी सुरू केली. ती पाणचक्की. पर्यटक तिथं हौदाच्या काठी उभे राहून धबधब्यासारखं पडणाऱ्या पाण्याचे फोटो काढतात. ते पाणी तिथवर पोचवणारी खापरी नळाची लांबलचक वाट त्यांच्या मागे, जमिनीखाली असते.

रोमन प्रांतांतही कात्रजला अशी जोडी सापडते. आजच्या स्पेनमधलं मेरिदा हे शहर इसवी सन पूर्व 25 मध्ये सम्राट ऑगस्टसनं निवृत्त सैनिकांसाठी वसवलं, पुढे ते लुसितानिया प्रांताची राजधानी झालं. शहराबाहेर प्रोसेर्पिना नावाचा तलाव आहे, रोमन मानला जाणारा धरणाचा बांध आहे, आणि तिथून शहराकडे येणारी जलवाहिनी आहे. दरी लागते तिथं ती ग्रॅनाइट आणि विटांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबांवर चढते. त्या खांबांवर करकोच्यांनी घरटी केली आहेत. पाणी थांबून शतकं लोटली, पण खांब आजही राखले जातात, युनेस्कोनं 1993 मध्ये मेरिदाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तलाव, नळ, वाटप अशी सगळी साखळी कात्रजसारखीच.

फरक पडतो तो दिसण्या-न दिसण्याचा. आकाशावर उमटलेली कमान कुणी पाडायला निघालं तर बोभाटा होतो. जमिनीखालचा नळ पाडायला निघावं लागत नाही. इमारतीचा पाया खणताना तो आपसूक फुटतो.

पुण्याचा नळ मागे पडायला सुरुवात झाली ती इंग्रजी अमदानीत. कर्नल फाइफ यांच्या आराखड्यानुसार 1879 च्या सुमारास खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि पुढं शहराला त्याचं पाणी मिळू लागलं. घरात तोटी आली, हौदावरची रांग ओसरली. पण नळ बंद झाला नाही. पाणी वाहतच होतं, फक्त त्याची कुणाला गरज उरली नव्हती. गरज संपलेल्या पाण्याकडे लक्ष कोण देणार? हौद बुजले, काहींवर दुकानं आली. शहर कात्रजपर्यंत वाढलं तसं नळात सांडपाणी झिरपू लागलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्यालाही भगदाड पडलं आणि नव्या व्यवस्थेचा कणाच मोडला, तेव्हा पुण्याला पहिल्यांदा कळलं की एकाच धरणावर विसंबणं म्हणजे काय.

नळ ज्या ओढ्यावरून निघाला, त्या ओढ्यानं पुढे स्वतःची आठवण करून दिली. नानासाहेबांच्या काळात आंबील ओढ्याचं पात्र शहराबाहेरून, पर्वतीच्या बाजूनं वळवलं होतं. त्या पात्रात नंतर वस्त्या झाल्या, भिंती उठल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि ओढा पेठांच्या दक्षिणेकडच्या सोसायट्यांत शिरला. गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. वाळकीच्या काठच्या शेतकऱ्याला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. बांधाला तोंड पाडायचं की पाणी स्वतः पाडून घेईल, एवढाच प्रश्न असतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुने बोगदे लागले. एका दिवसात गावभर बातमी: शनिवारवाड्याचं गुप्त भुयार सापडलं! जाणकारांनी पाहून सांगितलं की ही पाण्याची जुनी वाट आहे. पुणेकरांची जरा निराशा झाली. घोड्यावर बसून पळून जाणारा पेशवा त्यांना हवा होता, आणि निघाला पाणीपुरवठा.

मेट्रोचं ते काम पुढे पूर्ण झालं. सप्टेंबर 2024 मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. त्यातलं एक स्थानक कसबा पेठेत, फडके हौद चौकाशी आहे. आता स्वारगेटपासून कात्रजपर्यंत साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग मंजूर झाला आहे. तो झाला की कात्रजच्या पायथ्यापासून शनिवारवाड्याच्या परिसरापर्यंत जमिनीखालून जाता येईल, म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी पाणी गेलं साधारण त्याच दिशेनं. बंद भुयारातली हवा बाहेर काढायला या मार्गावरही ठिकठिकाणी रस्त्याकडेला चौकोनी मनोरे उभारावे लागतील. मेट्रोच्या नकाशांत त्यांना व्हेंटिलेशन शाफ्ट म्हणतात.